दोघांनी मिळून जिओकॅशिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही नवरा-बायको जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहतो आणि शनिवार-रविवार रानात डब्या शोधत हिंडतो, हे एकदा कळलं की लोकांचे प्रश्न सुरू होतात. बहुतेक प्रश्न जोडप्यांचे असतात, म्हणून ते एकत्र केले. उदाहरणं इथलीच आहेत. भारताबद्दलचे प्रश्न पुढे वेगळे घेतले आहेत.

जिओकॅशिंग म्हणजे नेमकं करायचं काय?

कोणीतरी एक डबी लपवतो आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. तुम्ही जीपीएसच्या मदतीने तिथे पोचता, डबी शोधता, आतल्या कागदावर तारीख घालून सही करता आणि डबी होती तशी, होती तिथेच ठेवता. घरी येऊन संकेतस्थळावर 'सापडली' अशी नोंद करता. डबीला 'कॅश' म्हणतात आणि कागदाला 'लॉग'.

अमेरिकन सरकारने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली चूक २ मे २००० रोजी काढून टाकली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर यांनी ऑरेगन राज्यात पोर्टलंडजवळच्या रानात एक बादली ठेवून तिचे अक्षांश-रेखांशाचे आकडे इंटरनेटवर टाकले. त्या बादलीत पुस्तकं, गोफण आणि घेवड्याच्या दाण्यांचा डबाही होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जेरेमी आयरिश यांनी जिओकॅशिंग डॉट कॉम सुरू केलं. आज सातही खंडांवर मिळून तीस लाखांहून जास्त कॅश आहेत.

सुरुवातीला काय विकत घ्यावं लागतं?

फोन तुमच्याकडे आहेच. एक पेन घ्या, खरं तर दोन, कारण थंडीत एक हमखास लिहीत नाही. बारीक चिमटाही ठेवा. बोटाच्या पेराएवढ्या नॅनो डबीतली गुंडाळी नखाने निघत नाही. पावसाळी बूट असले तर उत्तम.

खातं फुकट मिळतं. फुकट खात्यावर अधिकृत अ‍ॅप सोपे कॅश तेवढे उघडून दाखवतं. बाकीचे संकेतस्थळावर पाहता येतात, फक्त प्रीमियम सभासदांसाठी राखलेले सोडून. अँड्रॉइडवर सी-जिओ नावाचं मोफत अ‍ॅपही आहे. प्रीमियमचे पैसे पहिल्या महिन्यात भरू नका. दोघांपैकी एकालाच या प्रकाराचा कंटाळा आला, असंही होऊ शकतं.

दोघांनी एक खातं काढावं की दोन?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हा आहे आणि लोक तो उशिरा विचारतात.

एक खातं सोपं. सही एक, नोंद एक, प्रीमियमचे पैसे एकदाच. 'अमुक-तमुक टीम' असं जोडनाव घेणारी जोडपी जर्मनीत पुष्कळ आहेत. अडचण येते ती एक जण ऑफिसच्या कामाला हॅम्बुर्गला गेला आणि तिथे कॅश शोधू लागला की. घरी बसलेल्याच्या नकाशावर न पाहिलेल्या गावात पिवळे हसरे चेहरे उमटतात. पुढे कधी दोघं त्या गावी गेलात तर ते सगळे कॅश 'सापडलेले' असतात, आणि एका खात्यावर एका कॅशची नोंद एकदाच करायची असते.

दोन खात्यांत प्रत्येकाचा आकडा वेगळा राहतो. काहींना तेच नको असतं, कारण आकडे आले की चढाओढ येते. माझं मत दोन खात्यांच्या बाजूने आहे. वहीत सही करताना आम्ही दोन्ही नावं लिहितो. कागद फारच चिंचोळा असेल तर ठरलेलं एक आद्याक्षर लिहितो आणि ऑनलाइन नोंदीत त्याचा खुलासा करतो. प्रीमियम मात्र एकाच खात्यावर घेतलं तरी भागतं. कॅश शोधायचे त्या फोनवर, नोंद करायची दोन्हीकडे.

एका खात्यातून दोन करायची असतील तर लवकर करा. जुने कॅश नव्या खात्यावर जुन्या तारखेने नोंदवता येतात, पण वहीत टीमचं नाव असतं, म्हणून नोंदीत एक ओळ लिहून तसं सांगा. कॅशचा मालक नोंद काढून टाकू शकतो. असं सांगितलं की सहसा कोणी काढत नाही.

पहिला कॅश कसा निवडावा?

प्रत्येक कॅशला दोन आकडे असतात: शोधायला किती अवघड आणि तिथवर पोचायला किती अवघड. दोन्ही १ ते ५, अर्ध्या-अर्ध्याच्या टप्प्याने. पहिल्या दिवशी दोन्ही दीडच्या आत ठेवा. प्रकार 'ट्रॅडिशनल' घ्या, म्हणजे दिलेल्या जागीच डबी असते. आकार 'स्मॉल' किंवा 'रेग्युलर' घ्या. 'मायक्रो' म्हणजे १०० मिलिलिटरच्या आतली डबी. शहरात ती ठीक, रानात पहिल्याच दिवशी ती शोधायला लावणं म्हणजे जोडीदाराचा छंद सुरू व्हायच्या आत बंद पाडणं. शेवटच्या चार-पाच नोंदी वाचा. गेल्या महिन्यात लोकांना सापडला असेल तर जा. फेव्हरिट पॉइंट, म्हणजे आवडल्याची पावती, जास्त असतील तर नक्की जा. प्रीमियम सभासदाला दहा कॅशमागे असा एकच पॉइंट वाटता येतो, त्यामुळे लोक तो जपून देतात.

फोन म्हणतो 'पोचलात', पण तिथे काहीच नाही. असं का?

मोकळ्या आकाशाखाली चांगल्या फोनचा जीपीएससुद्धा साधारण पाच मीटर इकडेतिकडे दाखवतो. दाट झाडीत, दरीत किंवा उंच इमारतींमध्ये याहून जास्त. डबी लपवणाऱ्याच्या फोनचीही तीच गत होती. दोन्ही चुका एकत्र आल्या की दहा-बारा मीटरचा फरक सहज पडतो. म्हणून शेवटच्या दहा मीटरवर बाणाकडे बघणं थांबवा आणि फोन खिशात टाका.

मग स्वतःला विचारा: मी असतो तर कुठे लपवली असती? झाडाच्या मुळांमधली पोकळी, बाकाच्या फळीची खालची बाजू, फलकाची पाठ, रेलिंगच्या नळीचं तोंड. लोखंड दिसलं की लोहचुंबकवाली डबी आठवावी. इथे रानात एक खूण फार उपयोगी पडते. बुंध्याला टेकवून फांद्यांचे तुकडे ओळीने, अगदी नेटके लावलेले दिसतात. वाऱ्याने पडलेल्या फांद्या असं कधी करत नाहीत. जर्मन कॅशर त्याला 'हाझनग्रिल' म्हणतात, सशाची शेगडी. त्या काटक्यांखाली बहुधा 'पेटलिंग' असतो, म्हणजे प्लॅस्टिकची बाटली फुगवण्याआधीची जाड नळी. झाकण घट्ट असल्याने आतला कागद वर्षानुवर्षं कोरडा राहतो.

मला आधी दिसलं तर लगेच ओरडून सांगू का?

नका सांगू. गटाने शोधण्याची एक जुनी पद्धत आहे. ज्याला डबी दिसली त्याने हात लावायचा नाही, नजरही तिथून हलवायची, चार पावलं बाजूला जाऊन उभं राहायचं आणि ठरलेला शब्द म्हणायचा. दुसरा शोधत राहतो. दोघांनाही दिसल्यावर मग डबी काढायची. यामुळे 'तू नेहमी आधीच उचलतेस' ही कुरकुर बंद होते.

आमचा शब्द 'चहा' आहे. माझा नवरा 'चहा' म्हणून बाकावर जाऊन बसतो, बुटाची नाडी सोडतो, परत बांधतो, आणि मी ज्या फलकासमोरून तीनदा गेले त्याच फलकाकडे मुळीच न बघता आकाशाकडे बघत राहतो. त्याचं हे न बघणं मला आता नेमकं ओळखता येतं. जीपीएसपेक्षा जास्त भरवशाचं आहे ते.

एकाला अजून शोधायचं असतं, दुसऱ्याला निघायचं असतं. काय करावं?

वेळ आधी ठरवा. अवघडपणा दोनपर्यंत असेल तर पंधरा-वीस मिनिटं पुरे. वेळ संपली की 'सापडला नाही' अशी प्रामाणिक नोंद करायची. तिला डीएनएफ म्हणतात आणि त्यात कमीपणा काही नाही. उलट लागोपाठ तीन-चार डीएनएफ आले की मालकाला कळतं की डबी गेली असावी. जोडप्यांत मात्र मी पाहिलंय की डीएनएफ टाकायला एक जण तयार नसतो. त्याने आपल्या खात्यावर टाकू नये, दुसऱ्याने टाकावा. दोन खात्यांचा हाही एक फायदा.

एकाला कोडी आवडतात, दुसऱ्याला चालणं. मग छंद एकच कसा?

यासाठीच तर निरनिराळे प्रकार आहेत. 'मिस्ट्री'मध्ये नकाशावरचं चिन्ह खोट्या जागी असतं. खरे आकडे काढायला कोडं सोडवावं लागतं, आणि ते घरी बसून होतं. 'मल्टी'मध्ये एका जागी पुढच्या जागेचा सुगावा असतो: चर्चवरचं साल, पुतळ्याखालच्या अक्षरांची संख्या, अमुक पायऱ्या. श्टुटगार्टच्या उतारांवर शेकडो जिने आहेत, तिथे मल्टी करताना एक जण आकडे टिपतो आणि दुसरा पायऱ्या मोजतो. 'अर्थकॅश'मध्ये डबीच नसते. खडक, धबधबा किंवा गुहा बघून भूगर्भाबद्दलच्या प्रश्नांची उत्तरं मालकाला पाठवायची असतात.

कामं अशी वाटली गेली तरी हरकत नाही, फक्त ती कायमची ठरवून टाकू नका. नकाशा नेहमी नवऱ्याच्या हातात आणि पाण्याची बाटली नेहमी बायकोच्या, हे चित्र रानात फार दिसतं.

एकजण झाडावर चढला, दुसरा खाली उभा होता. दोघांनी 'सापडला' लिहिलं तर चालतं का?

नियम एवढाच आहे की तुमचं नाव वहीत हवं. ते कोणी लिहिलं, दोरावर कोण लटकलं, याची तपासणी कोणी करत नाही. पण पाच दर्जाच्या अवघड जागांबद्दल काही मालक हळवे असतात, आणि कॅशरांमध्ये यावर वाद झडतात. आम्ही ठेवलेली रीत अशी: खाली उभं राहून दोर धरला असेल तर दोघांचा, गाडीत बसून राहिले असेल तर एकाचा. जोडीदार त्या गावात नसतानाच त्याचं नाव लिहिणं मात्र खोटेपणा आहे.

लोक संशयाने बघतात. काय सांगायचं?

ज्यांना या खेळाची माहिती नाही त्यांना कॅशर 'मगल' म्हणतात. त्यांच्यासमोर डबी काढू नये, कारण नंतर कोणीतरी ती काढून फेकतं. इथे जोडप्याला मोठी सोय आहे. एकटा माणूस बाकाखाली हात घालताना विचित्र दिसतो. पण एकाने पोझ घ्यायची, दुसऱ्याने फोटो काढल्यासारखं करायचं, की कोणी दुसऱ्यांदा बघत नाही. आजीबाईंनी विचारलंच तर खरं सांगा. पोलिसांनी विचारलं तर लगेच खरं सांगा आणि अ‍ॅप उघडून दाखवा.

डबीत वस्तू असतात, त्या घ्यायच्या का?

एक घ्या, तेवढ्याच किंवा जास्त मोलाची दुसरी ठेवा. खाऊ ठेवू नका. चॉकलेट, राजगिऱ्याची वडी, काहीच नको. वासाने रानडुकरं आणि उंदीर डबा फोडतात. चाकू, लायटर, दारू, औषधं यांनाही बंदी आहे.

धातूचा बिल्ला आणि त्यावर कोड असेल तर ती वस्तू तुमची नाही. तो 'ट्रॅकेबल' आहे आणि त्याला प्रवास करायचा असतो. घेतलात तर लवकर पुढच्या डबीत ठेवा. फोटो टाकताना कोड झाका.

पेन विसरलो किंवा कागद लगदा झालाय. आता?

आतल्या कोरड्या तुकड्यावर सही करा, चिखलाने बोट उमटवलेलंही लोकांनी मान्य केलंय. काहीच जमलं नाही तर डबीचा फोटो मालकाला पाठवून विचारा. नोंद मान्य करायची की नाही हे तो ठरवतो. लगदा झालाय हे नोंदीत जरूर लिहा.

आई-बाबा भारतातून आलेत. त्यांना नेता येईल?

नक्की. पोचण्याचा दर्जा १ किंवा १.५ ठेवा आणि गावातला मल्टी निवडा, दर दोनशे पावलांवर बाक आणि शेवटी कॉफी मिळेल असा. आमच्या सासूबाई सुगावे वाचण्यात सगळ्यांत तरबेज निघाल्या. शब्दकोडी रोज सोडवणाऱ्यांना हे फार सोपं जातं.

रानात धोका कितपत?

अपघातांपेक्षा गोचिडीची काळजी करा. दक्षिण जर्मनीत, म्हणजे बाडेन-व्युर्टेम्बर्ग आणि बायर्नमध्ये, गोचिडीतून एफएसएमई हा मेंदूला सूज आणणारा आजार होऊ शकतो. त्यावर लस आहे, घरच्या डॉक्टरांना विचारा. गोचिडीतूनच होणाऱ्या बोरेलिओसिसपासून ती लस वाचवत नाही, म्हणून पायमोज्यात पँट खोचा आणि घरी आल्यावर एकमेकांची मान, काखा, गुडघ्यामागची बाजू तपासा. हे एकट्याला नीट जमतच नाही.

१ ऑक्टोबर ते ३१ मार्च वटवाघळांच्या हिवाळी गुहांत शिरायला कायद्याने बंदी आहे, मग आतला कॅश नकाशावर चालू का दिसेना. पडक्या कारखान्यांतले कॅश मोहक असतात, पण कुंपण ओलांडणं हा गुन्हाच आहे. संध्याकाळी अंधार पडताना पायवाट सोडू नका, शिकारी मचाणावर बसलेले असतात.

महाराष्ट्रात कॅश आहेत का?

आहेत, मुंबई-पुण्यातही आहेत, पण इथल्यासारखे दर चौकात नाहीत. जर्मनी हा या खेळातल्या सर्वांत दाट देशांपैकी आहे. २०१४ साली पाच हजारांवर माणसं जमणारा जगातला पहिला 'गिगा' मेळावा म्युनिकलाच भरला. महाराष्ट्रात कॅश शोधायला जाण्याआधी शेवटच्या नोंदीची तारीख बघा. जुन्या डब्या पावसाळ्यात वाहून गेलेल्या असतात. (जाता जाता: मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत, कॅशच्या बाबतीत मात्र थोरली-धाकटी.)

एक गोष्ट गंभीरपणे. डोंगरात वापरायला गार्मिनचं इनरीच किंवा तसलं उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र घेतलं असेल तर ते भारतात नेऊ नका. परवान्याशिवाय ते बाळगणं बेकायदा आहे आणि विमानतळावर, गोव्यातसुद्धा, पर्यटकांना त्यासाठी अडवलेलं आहे. साधा फोन पुरतो.

सुट्टीत गावी जाणार आहोत. गडावर एक कॅश लपवून येऊ का?

नाही. दोन कारणं आहेत. एक, लपवणाऱ्याने डबीची देखभाल करायची असते. सुट्टीत लपवून परदेशी परतणाऱ्यांचे कॅश संकेतस्थळाचे तपासनीस सहसा प्रसिद्ध करत नाहीत. जवळ राहणारा भाऊ किंवा मित्र लेखी हमी देत असेल तर विचार होतो. दोन, जागेच्या मालकाची परवानगी लागते, आणि संरक्षित गडाच्या तटात डबी खुपसायला ती मिळणार नाही, मिळूही नये. स्थानकं, शाळा, लष्करी भाग यांच्याजवळ तर विचारही नको. 'बेवारस वस्तूला हात लावू नका' ही घोषणा ऐकत वाढलेल्या माणसाला चिकटपट्टीने बांधलेली नळी कशी दिसेल ते सांगायला नको.

गावासाठी काही करायचंच असेल तर अर्थकॅशचा विचार करा. निघोजचे कुकडी नदीतले रांजणखळगे किंवा लोणारचं बेसाल्टमधलं उल्काविवर, अशा जागा त्यासाठीच घडल्यासारख्या आहेत. डबी नाही, त्यामुळे देखभालही नाही. परवानगी आणि खडकांबद्दलचे नेमके प्रश्न मात्र लागतात.

इथे जर्मनीत स्वतःचा कॅश लपवायचा तर?

आधी निदान काही डझन कॅश शोधा, म्हणजे वाईट डबी कशी असते ते कळेल. दुसऱ्या डबीपासून १६१ मीटर अंतर हवं. खड्डा खणायचा नाही, झाडाला खिळा मारायचा नाही. आकडे एकाच वेळी घेऊ नका, वेगवेगळ्या दिवशी दोन्ही फोनवर घ्या आणि सरासरी काढा. कॅश कोणाच्या खात्यावर ठेवायचा, हे देखभालीला कोण जाणार त्यावर ठरवा. हौसेने डबी रंगवतो एक आणि फेब्रुवारीत ओली वही बदलायला चिखलात जातो दुसरा, असं होऊ देऊ नका.

तिला मागणी घालायचीय. डबीत अंगठी ठेवू का?

दुसऱ्याच्या कॅशमध्ये ठेवू नका. तुमच्या अर्धा तास आधी एखादं कुटुंब तिथे पोचेल. प्रसिद्ध झालेला कॅश सगळ्यांना खुला असतो, त्यामुळे तिच्यासाठीच असा कॅश संकेतस्थळावर ठेवता येत नाही. सरळ उपाय म्हणजे आकडे तुम्हीच तिच्या हातात द्या, त्या जागी रिकामी डबी आणि चिठ्ठी ठेवा. अंगठी खिशातच राहू द्या.

आम्ही सध्या वेगळ्या देशांत राहतो. तरी एकत्र खेळता येईल?

येईल. मिस्ट्रीचं कोडं पुण्यात बसलेल्याने सोडवायचं आणि डबी इकडच्याने काढायची, नाव ज्याने काढली त्याचंच (झाडाचा प्रश्न वर आला आहे). ट्रॅकेबल विकत घेऊन त्याला 'पुण्याला जा' असं ध्येय देता येतं. अनोळखी लोक तो पुढे नेतात आणि त्याचा माग दोघांना नकाशावर दिसतो. वेळेची घाई असेल तर यावर विसंबू नका. काही ट्रॅकेबल वर्षभर कोणाच्या तरी खणात पडून राहतात. नासाच्या पर्सिव्हिअरन्स रोव्हरवर एक ट्रॅकेबल कोड आहे, तो मंगळावर वेळेत पोचला. आमचा बिल्ला अजून ऑस्ट्रियातच आहे.